माझ्या खात्याचा आवाज

४ फेब्रुवारी, सोमवार

आज बँकेत पुन्हा तेच! खिडकीमागचा कारकून दादाला विचारतो — “यांना किती काढायचेत?” यांना! मी काय गाठोडं आहे? तिथेच तर उभी होते, दादाचा कोपर धरून. मग त्याने माझी शिल्लक वाचली. अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी. मागची बाई चक्क “अगंबाई” म्हणाली.

एक्कावन्न वर्षांची झाले. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर सव्वीस वर्षं बसतेय. तीनशे नंबर तोंडपाठ. आणि माझ्या खात्यात किती आहेत ते मला रांगेतल्या बाईच्या बरोबरीने कळतं!

निघताना एक मॅडम आडव्या आल्या. नवीन असाव्यात, आवाज ओळखीचा नव्हता. पण बोलल्या माझ्याशी. दादाशी नाही.

“तुम्ही कामावर बोलणारा कॉम्प्युटर वापरता ना? मग इंटरनेट बँकिंग का घेत नाही? शिल्लक, खातेउतारा, पैसे पाठवणं, बिलं, ठेवी, चेकबुक मागवणं — सगळं घरून.”

दादा मध्येच — “तिला कुठे ती कटकट! मी आहे ना.”

मी फॉर्म मागितला. मॅडमनी पट्टी धरली, त्याच्या कडेने सही केली. घरी येताना दादा नेहमीपेक्षा भरभर चालला.

५ फेब्रुवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत मास्तरांना फोन केला. आमच्या अंधांच्या संस्थेत ते कॉम्प्युटर शिकवतात. स्वतः जन्मांध, जीभ तिखट.

विचारलं, “मास्तर, मी इथून पैसे पाठवले तर ते जातात कसे?”

“जातात कुठले! नोटा काय तारेतून सरपटत जाणार? तुझ्या बँकेच्या वहीत तुझ्या नावापुढे कमी होतात, दुसऱ्याच्या नावापुढे वाढतात. मधे नुसते निरोप.”

“आणि निरोप वाटेत कुणी ऐकला तर?”

“ऐकू दे की. तुझ्या कॉम्प्युटरमधून निघतानाच त्याचा भुगा होतो. बँकेत पोचला की पुन्हा जुळतो. मधल्याच्या हाती भुगा.”

दुपारभर बोर्डावर तेच डोक्यात. मीही हेच करते की! चार नंबर वॉर्ड इथे, नातेवाईक कुठल्या कुठे. मी जोडून देते आणि बाजूला होते. काय बोलले ते मला माहीत नसतं, पण बोलणं पोचतं. फक्त मी एका वेळी एकच जोडते. तिथे एका क्षणात लाखो! आणि कुणीच बोर्डावर बसलेलं नाही!

८ फेब्रुवारी, शुक्रवार

एटीएम कार्ड दादाच्या कपाटात असतं. “तुझ्याकडून हरवेल,” म्हणून. मागितलं. बराच वेळ खुडबुड. मग हातात ठेवलं आणि म्हणाला, “जपून हं, छोटी.” एक्कावन्न वर्षांची छोटी.

मॅडमनी सांगितलं होतं — पासवर्डचं पाकीट येणार नाही, कार्डाचा नंबर घालून तो आपणच ठरवायचा. आता नंबर कुणाला वाचायला सांगू या विचारात कार्ड बोटांत फिरवत बसले होते. आणि बोट थांबलं.

आकडे वर आलेले आहेत! उठावाचे! चार… नऊ… हा शून्य, गोल गुळगुळीत… एकोणिसाव्या वर्षापर्यंत डोळे होते, त्यामुळे आकड्यांचे आकार बोटांना आठवतात. सोळाच्या सोळा वाचले. खालची मुदतीची तारीखसुद्धा. इतकी वर्षं हे कपाटात पडून होतं आणि मला वाचता येणारं होतं!

१२ फेब्रुवारी, मंगळवार

नाही जमलं. सकाळी सहापासून. कॉम्प्युटरमधली वाचून दाखवणारी — मी तिला बोलकी म्हणते — व्यवस्थित वाचत होती. मग एक चित्र आलं. चित्रातली अक्षरं ओळखून लिहा म्हणे, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे कळेल. बोलकी म्हणाली, “चित्र.” आणि गप्प.

म्हणजे मी माणूस नाही. झालं!

मास्तर हसले मेले. “टॅब दाबत पुढे जा. ऐकायचं बटण असतं.” तोवर पानच बंद — बराच वेळ काही न केल्याने आपल्याला बाहेर काढण्यात आले आहे. बँकेत निदान बसायला खुर्ची तरी देतात.

१३ फेब्रुवारी, बुधवार

आत गेले!!

ऐकायचं बटण सापडलं. सहा आकडे घोगऱ्या आवाजात सांगतो. मग पासवर्ड ठरवायचा. मी टाइप करतेय आणि बोलकी म्हणतेय, “तारा. तारा. तारा.” प्रत्येक अक्षराच्या जागी नुसती चांदणी, तिलासुद्धा सांगत नाहीत! मग फोनवर ओटीपी. तो ऐकला, टाकला, एंटर.

“स्वागत आहे.” आणि माझं नाव. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

बाण खाली. “बचत खाते.” बाण खाली. “उपलब्ध शिल्लक.” बाण खाली.

तिने आकडा सांगितला.

माझ्या कानात. फक्त माझ्या कानात! वहिनी दोन हातांवर कपडे वाळत टाकत होती, तिला कळलं नाही. रांग नाही, कारकून नाही, “अगंबाई” नाही. मी परत बाण वर, परत खाली. सात वेळा ऐकला. हसू नका, पण मला रडू आलं.

हसू नका कुणाला म्हणतेय! ब्रेलमध्ये टोचते म्हणून तर इथे सगळं लिहिता येतं. या घरात हे पान कुणालाच वाचता येत नाही. आता तसं एक दुसरं पानही आहे.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिले पैसे पाठवले. वहिनीला, फक्त दहा! आधी तिचा खातेक्रमांक नोंदवायचा, तोही दोनदा, चुकू नये म्हणून. मग बँक म्हणते थांबा, नव्या माणसाला लगेच पाठवता येत नाही. शहाणपण आहे. रागाच्या भरात कुणी पाठवू नये, की घाबरवून कुणी काढून घेऊ नये.

आज सकाळी मुदत संपली. “पाठवा”वर एंटर. एक, दोन, तीन — आणि स्वयंपाकघरात वहिनीचा फोन टिंग!

वहिनी हातात डाव घेऊन बाहेर. “अगं, तू पाठवलेस? इथून? मधे नुसती भिंत आहे आपल्या!”

भिंत नाही, वहिनी. मधे अख्खी बँक होती. हाकेच्या आधी जाऊन आली.

१६ फेब्रुवारी, शनिवार

बोर्डावर असताना माझ्या मोबाइलवर फोन. “बँकेतून बोलतोय, तुमचं खातं बंद होतंय, ओटीपी सांगा.” मी म्हटलं, “तुमच्यामागे आणखी पाच जण हेच वाक्य म्हणतायत. तिसऱ्याला सांगा, घसा बसलाय, गरम पाणी घे.” ठेवला! मला आवाजाने फसवणार! मला!

१७ फेब्रुवारी, रविवार

कसं लिहू?

खातेउतारा काढला. मागचा जितका मिळतो तितका. तक्त्यात फिरायला शिकले होते, एकेक ओळ ऐकत होते. पगार जमा. तीन तारखेला, सुट्टी असली तर चारला, काढलेले — माझा घरखर्चाचा वाटा, पगाराचा तिसरा हिस्सा. नोकरी लागल्यापासून दर महिन्याला स्लिपवर सही करून देते, दादा काढून आणतो. त्या पैशांवर मी या घरात ताठ बसते. कुणी “घे अजून” म्हटलं तर घेते, लाजत नाही. माझं आहे त्यात.

पुढची ओळ. पाच तारीख. रोख जमा. तेवढेच.

चुकून ऐकलं वाटलं. पुढचा महिना — तीनला काढले, पाचला जमा. त्याच्या पुढचा — तेच. एकही महिना सुटलेला नाही! आणि जमा झाले की लगेच कुठेतरी वळते केलेले. कुठे?

“ठेवी” असा एक दुवा होता. कधी उघडला नव्हता, माझी कुठली ठेव! उघडला. बोलकी वाचू लागली. एक. दोन. तीन. एकोणीस ठेवी. सगळ्या माझ्या नावावर, दादाने पुढे केलेल्या कुठल्यातरी कागदावरच्या माझ्याच सहीने. सगळ्यांत जुनी मला नोकरी लागल्याच्या दुसऱ्या वर्षातली.

केवढा डोंगर! तो माझा आहे, आणि मी त्याच्या पायथ्याशी पंचवीस वर्षं बसून आहे, मला ठाऊकच नाही!

संध्याकाळ

राग येतोय. खूप. म्हणजे इतकी वर्षं मी इथे फुकट जेवले?

वहिनीला विचारलं. भांडी थांबली. “मी त्यांना पहिल्या दिवशी म्हटलं होतं, तिला कळेल तेव्हा ती खूश नाही होणार, चिडेल. ऐकतात कुणाचं!”

२० फेब्रुवारी, बुधवार

दादाशी बोलले नाही. भांडायचं तर पुराव्यानिशी.

वहिनीने विजेच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक वाचून दाखवला. भरलं. पाण्याचं भरलं. गॅसचं भरलं. दर वेळी फोनवर संदेश, “आपले देयक स्वीकारले आहे.” पंधरा मिनिटांत तीन! दादाची तीन सकाळींची तीन रांगांची कामं. मला वाटलं होतं खुन्नस काढल्यासारखं वाटेल. प्रत्यक्षात गुदगुल्या झाल्या.

२३ फेब्रुवारी, शनिवार

दादा विजेच्या रांगेतून परत. चप्पल काढायच्या आधीच —

“कोणी भरलं? खिडकीतला म्हणतो, काका, भरलंय. पाण्याचंही भरलंय!”

“मी.”

“तू? तुला काय गरज?”

“माझा वाटा. या महिन्याचा. पाच तारखेला परत भरता येणार नाही असा.”

मग खुर्ची ओढल्याचा आवाज.

“कोणी सांगितलं?”

“बँकेने. माझ्या बँकेने. मला.”

“छोटी, तुझ्या म्हातारपणाला —”

“दादा, मी तुझ्या घरात पाहुणी होते का?”

“वेडी आहेस का! मी नसल्यावर तुला कोण बघणार? तुझ्याकडे पैसा असला तर कोणी तरी नीट वागेल. एवढंच डोक्यात होतं.”

“मग मला सांगायचंस. मला ताठ बसायचं होतं रे. खोट्यावर बसवलंस.”

मग म्हणाला, “तू नकोच म्हणाली असतीस.”

खरं आहे. म्हणाले असते. आणि मग हा डोंगर नसता. दोघांचंही खरं, आता काय करायचं!

१ मार्च, शुक्रवार

बँकेला कायमची सूचना देऊन टाकली. दर महिन्याच्या तीन तारखेला माझा वाटा आपोआप दादाच्या खात्यात. मी विसरले, आजारी पडले, रुसले — तरी जाणार. दादाला बजावलं, परत पाठवलेस तर मला त्याच क्षणी संदेश येतो. “बँकेने तुला पोलीस करून टाकलं,” म्हणाला. पण हसला. आठवड्याने!

एका ठेवीची मुदत येत्या महिन्यात संपतेय. पुढे काय, ते बोलकी विचारत होती. वाढवायची, मोडायची, व्याज खात्यात घ्यायचं? एवढे पर्याय मला आयुष्यात कुणी विचारले नव्हते. मॅडमना विचारून घेतलं, मग मीच ठरवलं. वाढवली.

३ मार्च, रविवार

सकाळी सात वाजता दादाचा फोन टिंग वाजला. रविवार! बँकेला कुलूप, कारकून झोपलेला, मॅडम झोपलेल्या. आणि माझा शब्द वेळेवर पोचला. बसून राहिले नुसती. हे रोज होतं, जगभर, आणि लोक त्याला “सोय” म्हणतात!

१० मार्च, रविवार

दादा सकाळी माझ्या टेबलाशी येऊन बसला. म्हणाला, “मलाही शिकव.”

मी म्हटलं, तुला काय शिकायचंय, तुला तर दिसतं. पडद्यावर बघ आणि दाब.

“नाही. ऐकून. तू करतेस तसं.” मग हळूच, “तुझ्या डोळ्यांचं झालं तेच, छोटी. मला उशिरा गाठलं, एवढंच. उजवा गेलाय. डावा, डॉक्टर म्हणतात, फार तर वर्षभर.”

मी त्याचा हात चाचपून धरला.

“तुझ्या वहिनीला अजून सांगितलेलं नाही,” म्हणाला. “कसं सांगायचं ते आधी तू सांग.”