दुसरे पाकीट

मी, वय वर्षे सहासष्ट, धंदा प्रयोगशाळांची काचेची भांडी घडवणे, आज हा कागद लिहायला बसले आहे. डोके ठिकाणावर आहे. परवाच डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले. आज कोणता वार, असे त्यांनी मला विचारले, तेव्हा त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्याच महिन्यावर राहिले आहे हे मी त्यांना दाखवले. मला कोणी धाक घातलेला नाही. गळ घातली होती, ती मुलाने; पण ती लागली नाही. माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे आणि जागांचे खाली लिहिल्याप्रमाणे व्हावे. सहा वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते केले तेव्हा मला माझ्याच मिळकतीची हकिगत पुरती ठाऊक नव्हती.

माणसांची कागदोपत्री नावे आणि पत्ते वकिलांनी जोडपत्रात घातले आहेत. इथे मी ज्याला जशी हाक मारते तशीच लिहिते, नाहीतर हात अडखळतो.

कलम १. राहते घर व शिल्लक

राहत्या दोन खोल्या, त्यांतले सामान आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावी. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी खाली दाबून मग ओढावी लागते. हे त्याच्या बायकोला माहीत आहे, त्याला नाही.

कलम २. गल्लीच्या टोकाची दुमजली इमारत

खाली कारखाना, वरचा मजला भाड्याने दिलेला. वकिलांनी ही माझी 'स्वकष्टार्जित मिळकत' असे लिहून आणले होते. मी तो शब्द खोडायला लावला. ते म्हणाले, बाई, कायद्याने ती तशीच आहे. मी म्हटले, कायद्याने असेल. का खोडला ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी तो परत घालणार नाही.

माझे यजमान गेले तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते आणि मुलगा अकराचा. यजमानांचा कारखाना म्हणजे भाड्याची एक पत्र्याची शेड आणि तीन बर्नर. काम मी त्यांच्या शेजारी बसून शिकले होते. भेटायला आलेल्या सगळ्यांसमोर मोठे भाऊजी, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, मला म्हणाले, "हा धंदा तुला झेपायचा नाही. बर्नर विकून टाक, पैसे पोराच्या नावावर ठेव आणि आमच्याकडे राहायला ये." भाऊजी शाळेत हिशेब शिकवत. आयुष्यभर त्यांनी एक रुपया उसना घेतला नाही की दिला नाही. मी म्हटले, मी कोणाच्या तुकड्यांवर जगणार नाही. जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात तुकडे वाढत नाहीत." आणि आत निघून गेल्या. त्या दिवसापासून दोन्ही घरांचे येणे-जाणे तुटले.

पाच वर्षांनी शेडच्या मालकाने जागा खाली करायला सांगितले. त्याच सुमारास ही इमारत विकायला निघाली. पूर्वी कागदाचे गोदाम होते, छत गळके, पण भिंती जाड. मी बँकेत गेले. व्यापारी जागेसाठी कर्ज मागायला एकटी बाई येते, तेही काच फुंकणारी, हे पाहून तिथला कारकून दोनदा आत जाऊन आला. मॅनेजर मात्र उंच, किडकिडीत, शांत माणूस होता. तो स्वतः शेडमध्ये आला आणि म्हणाला, काम दाखवा.

मी त्याच्यासमोर तीन तोंडांचा चंबू केला. ज्योतीत नळी धरली की आधी काहीच होत नाही, मग ती एकदम मऊ पडते आणि आपल्या श्वासाने फुगते. कितीदाही केले तरी मला त्याचा अचंबा वाटतो. मॅनेजर अर्धा तास हलला नाही. जाताना म्हणाला, काम पाहिले, आता कागद पाहतो. इमारतीची किंमत छतामुळे कमी धरली जाते आहे, तारण कमी पडेल, असेही म्हणाला. माझ्याकडे आणखी ठेवायला काही नव्हते.

तीन आठवड्यांनी पत्र आले की कर्ज मंजूर झाले. मी चाळीस ठिकाणी सह्या केल्या. तो बोट ठेवी, मी सही करी. एका पानावर 'तिऱ्हाइताचे अतिरिक्त तारण' असे काहीसे होते. मला वाटले विम्याचे असेल. वाचले नाही. माझ्या डोळ्यांपुढे फक्त त्या जाड भिंती होत्या.

मग अठरा वर्षे मी ज्याला त्याला सांगत फिरले की माझ्या चंबूने मला कर्ज मिळवून दिले. व्यापारी संघाने सत्कार केला, तिथे भाषणात सांगितले. टाळ्या पडल्या. तो चंबू मी काचेच्या कपाटात ठेवला होता.

कर्जाच्या अकराव्या वर्षी धंदा बसला. महाविद्यालये प्लास्टिकची भांडी घेऊ लागली. सहा हप्ते थकले आणि बँकेने दारावर नोटीस चिकटवली. त्याच महिन्यात भाऊजी गेले. मी भेटायला गेले. जाऊबाईंनी पाणी दिले आणि विचारले, "काम कसं चाललंय?"

हे त्या नेहमीच विचारत. इतक्या वर्षांत कुठल्या लग्नाकार्यात, कुठल्या दवाखान्यात आमची सात-आठदा गाठ पडली असेल. दर वेळी हाच प्रश्न. मला वाटे, त्या डिवचतात. मी बुडते कधी याची वाट बघतात. त्या दिवशी, त्यांचा नवरा जाऊन चार दिवस झालेले असताना, मी म्हटले, "तुम्हाला काय करायचंय?" त्या म्हणाल्या, "काही नाही. चाललं पाहिजे." एवढेच.

त्यानंतर मी बँकेत जाऊन बसले, हातापाया पडले. महिन्याभराने बँकेने मुदत तीन वर्षे वाढवून हप्ता लहान करून दिला. मला वाटले, माझ्या रडण्याला यश आले. पुढच्या वर्षी एका संशोधन संस्थेला माणसाएवढा उंच उभा नळा हवा होता, आत वेटोळे आणि त्या वेटोळ्यात आणखी एक वेटोळे. कोणी हात लावीना. मी आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या बारकीने तो घेतला. चार फुटले. पाचवा भट्टीतून अखंड बाहेर आला तेव्हा आम्ही दोघी त्याच्याकडे बघत जमिनीवर बसून राहिलो. त्या एका कामावरून पुढची कामे आली, आणि दोन वर्षांपूर्वी कर्ज फिटले.

कागद परत घ्यायला गेले. आता तिथे नवीन मॅनेजर होती, तरुण मुलगी. तिने टेबलावर दोन पाकिटे ठेवली. एक माझ्याकडे सरकवले. दुसरे स्वतःकडेच ठेवत म्हणाली, "हे तुमच्या जामीनदारांचं. मालकाच्याच हातात द्यावं लागतं. त्यांना कळवलंय."

मी म्हटले, माझा कोणी जामीनदार नाही. तिने पाकीट फिरवून नाव दाखवले. आधी भाऊजींचे नाव होते, त्यावर रेघ मारलेली, खाली जाऊबाईंचे. आत त्यांच्या राहत्या घराचे खरेदीखत होते. तीन खोल्या आणि मागची मोरी. त्यांच्याकडे आयुष्यात तेवढेच होते.

मी फाइल मागितली. भाऊजींची सही अठरा वर्षांपूर्वीची, टपोऱ्या अक्षरात. जाऊबाईंची सात वर्षांपूर्वीची, भाऊजी गेल्यानंतर अठराव्या दिवशीची. आणि माझे हप्ते थकले तेव्हा बँकेने त्यांच्या पत्त्यावर पाठवलेल्या तीन नोटिसांच्या प्रती. तीनही पोचल्या होत्या. पोचपावतीवर जाऊबाईंचीच सही होती.

मी फाइल मिटून परत केली. 

तिथून तडक त्यांच्या घरी गेले. त्या पिशवीचा तुटलेला बंद शिवत बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कळलं वाटतं." मग दोरा संपेपर्यंत शिवत राहिल्या आणि शिवता शिवता सांगितले.

तो किडकिडीत मॅनेजर चौकशीला भाऊजींकडे गेला होता. बाई कशी आहे, असे त्याने विचारले. भाऊजी म्हणाले, हट्टी आहे, तोंडाळ आहे, पण घेतलेले परत केल्याशिवाय तिला झोप लागायची नाही. मॅनेजर म्हणाला, तरी तारण कमी पडते. दुसऱ्या दिवशी भाऊजी घराचे कागद घेऊन बँकेत गेले आणि मला कळू द्यायचे नाही असे बजावून आले. जाऊबाईंना त्यांनी घरी आल्यावर सांगितले, आधी नाही. त्या चार महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मी विचारले, मला झेपणार नाही असे म्हणणारा माणूस घर कसे ठेवतो? जाऊबाई म्हणाल्या, "मीही तेच विचारलं. म्हणाले, तेव्हा बोललो ते खरं वाटलं म्हणून बोललो. आता घर ठेवलं ते योग्य वाटलं म्हणून ठेवलं. दोन्ही माझंच आहे, काय करू?"

"आणि तुम्ही? ते गेल्यावर तुम्ही का सही केलीत?"

बँकेने त्यांना बोलावून सांगितले होते की मुदत वाढवायची तर जामीनदाराची नव्याने संमती लागेल. त्या नाही म्हणू शकत होत्या. मग बँकेने माझ्या इमारतीवर जप्ती आणली असती, ती विकून भागले नसते तरच त्यांच्या घराकडे बघितले असते. कदाचित त्या सुटल्याही असत्या. त्यांनी कागद घरी आणून दोन दिवस वाचला आणि सही केली. ज्या आठवड्यात मी त्यांना 'तुम्हाला काय करायचंय' म्हटले, त्याच्या पुढच्या पंधरवड्यात.

मी म्हटले, "माझ्यावर राग नव्हता तुमचा?"

"होता की. अजून आहे. रागाचा आणि सहीचा काय संबंध?"

दोन वर्षे झाली, मी हे वाक्य मनात घोळवते आहे आणि ते अजून पुरते माझ्या हाती लागलेले नाही. अठरा वर्षे त्या घरातली फरशी त्यांनी पुसली, भिंतींना रंग दिला, मागच्या मोरीची गळती काढली, आणि रोज त्यांना ठाऊक होते की हे छप्पर गल्लीच्या टोकाला ज्योतीसमोर बसलेल्या, त्यांच्याशी न बोलणाऱ्या बाईच्या फुंकरीवर उभे आहे. कितीदा तरी त्यांना ते माझ्या तोंडावर फेकता आले असते. एकदाही फेकले नाही. फक्त काम कसे चालले आहे ते विचारले. मी आयुष्यभर तापलेली काच हातात धरली आहे, पण एवढी धग इतक्या शांतपणे धरलेले माणूस मी दुसरे पाहिले नाही. त्यांच्यासमोर बसले की आजही माझा आवाज खाली येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बँकेत गेलो. त्यांनी पाकीट घेतले, खरेदीखताची पाने मोजली, सगळी आहेत म्हणाल्या.

कलम ३. वरचा मजला

त्याचे भाडे जाऊबाईंना त्या असेपर्यंत मिळावे. हे दान नाही आणि परतफेडही नाही. परतफेड होत नसते. त्यांच्या पश्चात वरचा मजला माझ्या मुलाकडे यावा.

कलम ४. कारखाना

तळमजला, सगळे बर्नर, लेथ, भट्टी आणि नळ्यांचा साठा बारकीला मिळावा. बारकी ही माझ्याकडे एकोणिसाव्या वर्षी आली, आता सदतीस वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. नाव कसे पडले ते तिलाच विचारावे. गेल्या तीन वर्षांत तिने स्वतःच्या कारखान्यासाठी तीन बँकांत अर्ज केले. काम चांगले आहे, तुमच्या नावावर काय आहे, असे तिघांनीही विचारले. आता हे आहे. अट एकच: सही करण्याआधी प्रत्येक पान वाचावे, बारीक अक्षरातलेसुद्धा, आणि कळले नाही तर विचारावे. कपाटातला चंबू बाहेर काढून कामाला लावावा. फुटला तर फुटू द्यावा.

कलम ५. मुलाविषयी

मुलाने इमारतीसाठी गिऱ्हाईक आणले होते. पाडून मोठे दुकान करणार होते. तो म्हणाला, "आई, भावना बाजूला ठेव, आकडा बघ." आकडा बघितला. खरोखरच मोठा होता. बाळा, तू चूक नाहीस. पण काकूची हकिगत मी तुला सांगितली तेव्हा तू तिला औषधांना पैसे लागतात का, असे विचारलेस. तुला अजून हा कागद पटलेला नाही हे मला माहीत आहे. पटला नाही तरी पाळशील, याची मला खात्री आहे.

कलम ६. किरकोळ

नळ्यांच्या ज्या व्यापाऱ्याने यजमान गेल्यावर बाईमाणूस पाहून तीन वर्षे मला चढा भाव लावला, तो आता हयात नाही. तरी लिहून ठेवते. त्याच्या मुलाचा काही दोष नाही, बारकीने त्याच्याकडून माल घ्यायला हरकत नाही. भाव मात्र आधी ठरवून घ्यावा.

संघाच्या सत्काराचे मानपत्र भिंतीवरून काढावे. चौकट चांगली आहे, ती ठेवावी.

कलम ७. अंमलबजावणी

हे सगळे पार पाडण्याचे काम वकिलांकडे असावे. त्यांची फी आधीच दिली आहे, पुन्हा मागितल्यास पावती टेबलाच्या वरच्या खणात आहे.

साक्षीदार म्हणून जाऊबाईंची सही मला हवी होती. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, नाहीतर त्याचे मिळणे जाते. जाऊबाईंनी ते ऐकून घेतले आणि खुर्ची बाजूला सरकवली, म्हणजे साक्षीदारांना टेबलाशी येता यावे. पंख्याच्या वाऱ्याने शेवटचे पान सारखे उलटत होते. त्या पुन्हा उठल्या, पानाच्या वरच्या कोपऱ्यावर तळहात दाबून धरला आहे, आणि मी त्यांच्या हाताखाली सही करते आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही) काचकारखान्याची मालकीण

आम्ही दोघांनी बाईंना आमच्या देखत सही करताना पाहिले, आणि त्यांच्या देखत आम्ही सह्या केल्या:

१. (सही) डॉक्टर, ज्यांनी तपासणीचा दाखला दिला
२. (सही) वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू, शिवणकाम करणाऱ्या

स्थळ: कारखान्याचे कार्यालय, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: सहा फेब्रुवारी, सकाळचे अकरा