उथळ तळ्यातलं पाणी

११ ऑक्टोबर

प्रिय रुओलान,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे. बाबांचा गुडघा दुखतो, पण तक्रारीचा उत्साह ठणठणीत आहे. सोबत खेकड्यांच्या आठ माद्या पाठवल्यात, गवताच्या दोरीने मीच बांधल्या. चांद्र पंचांगाचा नववा महिना मादीचा, दहावा नराचा, तेव्हा नर पुढच्या खेपेला. वाफवताना पोट वर ठेव, नाहीतर पिवळी चरबी वाहून जाते.

तुझा निष्कर्ष बाबांनी गावभर केलाय: ऊन पाण्यातही आपले खेकडे थंड पाण्यातल्याइतकीच चरबी साठवतात. शुक्रवारी तू तो परीक्षकांपुढे मांडणार. काल शेजारचे छ्यानकाका बांधावर येऊन म्हणाले, "काय रे, उन्हाचं खेकड्याला काही नाही म्हणे! मग मी तळं खोल कशाला खणू? मशीनवाल्याला नको म्हणून सांगितलं." मी हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

रुओ, तीनदा फोन लावला आणि तीनदा हवापाण्याचंच बोललो. म्हणून हे पत्र खेकड्यांच्या पेटीत घालतोय.

तुझ्या प्रयोगासाठी खोल तळं थंड आणि उथळ तळं ऊन ठेवायचं होतं, म्हणून जुलैत तुझ्या सांगण्याप्रमाणे उथळ तळ्यावर सावली ठेवली नव्हती. पाणी तेहतीस अंशांवर गेलं. खेकडे खाईनात, काठावर येऊन बसायला लागले. चौथ्या दिवशी एकवीस मेलेले निघाले. बाबा भडकले, "पोरीच्या पदवीसाठी जनावरं शिजवायची का रे? आत्ताच्या आत्ता फोन लाव, म्हणावं पुरे झाला हा पोरखेळ!"

मी म्हणालो, मी बघतो.

बघितलं ते असं. रोज दुपारी विहिरीचं गार पाणी पंपाने उथळ तळ्यात सोडलं. सहा आठवडे. पाणी सत्तावीसवर आलं, खेकडे खायला लागले आणि तुझ्या वहीत मी तेहतीसच लिहीत राहिलो. खरे आकडे कुठेच लिहिले नाहीत.

म्हणजे तुझी दोन्ही तळी थंडच होती. ऊन पाण्यात खेकडा चरबी साठवत नाही, असलेली जाळतो, हे तूच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतंस. तरी निकाल आल्यावर तू फोनवर आनंदाने ओरडलीस, तेव्हा मी शाब्बास म्हणालो. त्याची मला फार लाज वाटते.

छ्यानकाकांना आज संध्याकाळी सांगतो, मग बाबांना. शुक्रवारी तो निष्कर्ष मांडू नकोस. पुढचा उन्हाळा उथळ तळं तुझं, मेले तर मरू देत, मी पंपाला हात लावणार नाही.

नोंदी कुणी केल्या विचारलं, तर माझा भाऊ म्हणू नकोस. पूर्ण नाव सांग.

शेन क्वेइआन