तीन नंबरची भट्टी

४ नोव्हेंबर
आज पुन्हा टकटक. प्रयोगशाळेतल्या तीन नंबरच्या भट्टीतून, तीनदा. काचनळी आत सरकवण्याआधी चिमणी, आमची संशोधक पोर, तिच्यावर नखानं तीनदा वाजवायची – "नीट शिज गं बाई." भट्टी गार होताना आतली माती आक्रसते, आवाज येतो, हे मला तीस वर्षं माहीत आहे. तरी हातातलं काम टाकून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. चिमणीला जाऊन पाच आठवडे झाले. छातीचं जन्माचं दुखणं होतं तिला, पण सत्ताविसाव्या वर्षी जाईल असं कोणाला वाटलं होतं!

घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तीस वर्षं त्या भट्टीपुढे राबलीस, टाळ्या वाजवत असेल ती." स्वतःच हसले. मला नाही हसू आलं.

६ नोव्हेंबर
प्रयोगशाळेच्या सरांनी बोलावलं. चिमणीचा छापून आलेला शोधनिबंध मागे घ्यायचा म्हणतात.

साठ-साठ कार्बन अणूंचे पोकळ चेंडू. एरवी डब्यातल्या गोट्यांसारखे नुसते शेजारी शेजारी पडून असतात. चिमणीनं मार्चमध्ये त्यात मॅग्नेशियमची पूड घातली, मी काचनळी ज्योतीवर बंद करून दिली, आणि भट्टीतून ते चेंडू एकमेकांना जोडलेले बाहेर आले. अख्खी चादर! सहाकोनी, चकचकीत पापुद्रे. मी या डोळ्यांनी पाहिलेत. पण निबंध लिहून झाल्यावर जूनपासून पुन्हा लावायला घेतलं, तेव्हापासून ते कोणालाच जमलेले नाहीत. तिला स्वतःला नाही, बाहेरच्या दोन प्रयोगशाळांना नाही.

"तीस तारखेपर्यंत एकदा तरी जमलं पाहिजे, ताई. नाहीतर मागे घ्यावाच लागेल. आणि मग लोक चुकली म्हणणार नाहीत, बनाव केला म्हणतील. भट्टी तुमच्याइतकी कोणाला कळते? बघा तुम्हीच."

७ नोव्हेंबर
लावली. ५२० अंश, चार दिवस. ही भट्टी एकदा बंद केली की आकडा विसरते, दरवेळी नव्यानं भरावा लागतो. चिमणीच्या चिठ्ठ्या डब्यातून काढून पाहिल्या. एका नळीला एक, अशा चाळीस. सगळ्यांवर ५२०. एकेचाळिसावीची चिठ्ठी नाहीच. चिमणी कोसळली त्या दिवशी भट्टीत होती ती नळी. घाईत लिहायची राहिली असेल. नळी माझ्या खणात आहे, कापसात गुंडाळून. फोडायला हात होत नाही.

११ नोव्हेंबर
भुकटी ती भुकटीच.

जुलैत मी चिमणीला म्हणाले होते, "आकडे घरून आणतेस की काय गं?" थट्टाच होती. ती हसली नाही, खाली बघून नळीवर नंबर कोरत बसली. माझ्या जिभेला हाड नाही. आज दिवसभर तेच एक वाक्य डोक्यात घुमतंय.

१३ नोव्हेंबर
चिमणीची आई आली होती. शिवणकाम करते, बोटांना सुईचे घट्टे. चिमणीचा पांढरा कोट घेऊन आली. दवाखान्यात नेलं तेव्हा अंगात होता तो.

"धुतला नाही हो. धुववेना. बाहीचं भोक तेवढं शिवलं. घरी ठेवला तर मी दिवसभर त्याच्याकडेच बघत बसते. इथेच असू दे."

मी भट्टीजवळच्या खुंटीला टांगला. चहा करून दिला. तिनं घोटभर प्यायला आणि कप खाली ठेवला.

"एक विचारते, खरं सांगा. माझी पोर खोटं बोलली का?"

"छे हो, काहीतरीच काय."

"मग पुन्हा होत का नाही?"

मी उठून तिचा कप विसळायला घेतला. ती गेल्यावर तो कोट खांदे पाडून उभा असल्यासारखा वाटायला लागला. आता मी त्याच्याकडे पाठ करून काम करते, आणि मग पाठीला तो जाणवतो.

१७ नोव्हेंबर
खणात चिकटपट्टी शोधत होते, हाताला जुनी तार लागली. भट्टीच्या पोटात बसून उष्णता मोजते ती. मे महिन्याच्या सुट्टीत मी ती बदलून नवी बसवली होती. कोणी सांगितलं नव्हतं. रीतसर करायचं तर अर्ज, तीन सह्या, पंधरा दिवस. म्हटलं कशाला ते झेंगट! केलं मोकळं. वहीत नोंदसुद्धा केली नाही. जुनी फेकली नाही, कारण मी काहीच फेकत नाही. हे म्हणतात, तुझ्या खणात एक दिवस मीपण सापडेन.

दोन्ही तारा एकत्र तीन नंबरमध्ये घातल्या आणि जुनी ५२० दाखवेपर्यंत तासभर स्टुलावर बसून राहिले.

नवी ५५१. झिजलेली जुनी ५२०.

म्हणजे मार्चमध्ये चिमणीला वाटत होतं ५२०, आणि भट्टी होती ५५१ वर. मी तार बदलली आणि जूनपासून ५२० म्हणजे खरोखरच ५२०. एकतीस अंश कमी. पोर सगळा पावसाळा गार भट्टीत नळ्या ठेवत राहिली, आणि मी तिला विचारत होते आकडे घरून आणतेस का.

१८ नोव्हेंबर
५५१ ला लावली. कोणाला काही सांगितलं नाही. ह्यांनापण नाही. आठ महिन्यांनी निवृत्त होते मी. "तीस वर्षांत एक चूक नाही," असं सर सगळ्यांना सांगत असतात.

२२ नोव्हेंबर
झाले! नळीच्या कडेला सहाकोनी पापुद्रे, मार्चसारखेच. मी तिथेच उभ्या उभ्या रडले.

सर धावत आले, भिंगाखाली पाहिलं. माझे दोन्ही हात धरले. "५५१ कसं सुचलं हो तुम्हाला?"

अगदी ओठावर आलं होतं. म्हणाले, "अंदाज."

२४ नोव्हेंबर
सरांनी दुरुस्तीचं पत्र वाचून दाखवलं. "तापमान नोंदवताना दिवंगत संशोधिकेकडून चूक झाली." म्हणाले, "निबंध बचावला, ताई. एवढं चालतं."

मी मान डोलावली. डोलावली मी!

दुपारी तिच्या आईचा फोन. सरांनी कळवलं होतं तिला. "खोटी नव्हती ना माझी पोर? धांदरट निघाली, होय ना? असू दे. लहानपणापासून तशी नव्हती हो ती, पण असू दे." तिचं समाधान ऐकवत नव्हतं. कोणीतरी बोलावतंय असं सांगून फोन ठेवला. कोणी बोलावत नव्हतं.

२५ नोव्हेंबर
टकटक. तीनदा. भट्टी तीन दिवस बंद आहे, हात लावून पाहिला, गार.

२६ नोव्हेंबर
सकाळी येऊन कोट कपाटात ठेवायला काढला. सहन होत नव्हता. घडी घालताना खिशात कागद लागला. नळी बाहेर येईपर्यंत ती चिठ्ठी खिशातच ठेवायची, मला कसं आठवलं नाही!

"नळी ४१. ५५१ अंश. जुनी तार ताईंच्या खणात सापडली, लावून पाहिली, एकतीस अंश कमी दाखवते; सुट्टीत ताईंनीच बदलली असणार. सरांना सांगायचं नाही, निवृत्तीच्या तोंडावर ताईंना बोलणी बसतील. जमलं की आकडा माझाच चुकला होता म्हणायचं."

ती कोसळली त्या दिवशी भट्टी मीच बंद केली होती. उगाच तापत राहायला नको म्हणून. भिंतीवरचं बटण दाबलं, आकडा बघितलासुद्धा नाही.

नळी, चिठ्ठी आणि जुनी तार पिशवीत घातली आहे. सर साडेदहाला येतात. आत्ता दहा वीस झालेत.