सहावा कप्पा

४ जानेवारी, शनिवार

पोचले एकदाची जयपूरला. गाडी चार तास लेट, तरी डोकं फिरवून घेतलं नाही. खातीपुऱ्याचं क्वार्टर झकास आहे. दोन खोल्या, मागे ओटा, ओट्यावर दिवसभर ऊन. ह्यांनी तर माझ्यासाठी गरम पाण्याची बादली काढून ठेवली होती, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! रेल्वेने ह्यांची इकडे बदली केली तेव्हा पोरगी सोबत आली, मी सासूबाईंपायी मनमाडलाच अडकले. आता सासूबाई दिराकडे आणि मी मोकळी. ही डायरी ह्यांची, कोरीच पडली होती. मी चौथी पास. चुकलं तर चुकलं, मास्तर थोडाच तपासायला येतोय.

अश्लेषा ओढणीत हात गुंडाळून बसली होती. थंडी वाजते म्हणाली. मी म्हटलं, तेवीस वर्षांची घोडी, थंडी कसली वाजते, ऊठ, कुरडया तळू लाग.

तिने हात बाहेर काढला. उजव्या हाताला नुसता अंगठा आहे.

६ जानेवारी, सोमवार

दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. फोनवर मला सांगायचे, बोटाला जरासं लागलंय. जरासं!

सगळं शेजारच्या प्रतिमाकडून काढून घेतलं. तीही अश्लेषाच्याच कारखान्यात आहे, विश्वकर्मा एरियात, डब्यांची झाकणं ठोकतात तिथे. मशीनच्या पुढे जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. सुपरवायझर नंदकिशोरने ती काढायला लावली, जाळीने काम हळू होतं म्हणून. दिवाळीच्या आधी मशीन हातावर आलं. पोरीला दवाखान्यात नेलं तोवर ह्या भामट्याने जाळी परत बसवली आणि मालकाला सांगितलं की लडकीने खुद खोली. मालकाला पटलं. प्रतिमाने डोळ्यांनी पाहिलंय, पण साक्ष देणार नाही. तिला दोन लेकरं आहेत.

मी म्हटलं, पत्ता दे त्याचा. अश्लेषा म्हणाली, मम्मी, सोड ना. मी सोडणारी बाई नाही.

९ जानेवारी, गुरुवार

पोरगी डाव्या हाताने अक्षर गिरवते. परीक्षा देऊन ऑफिसात लागायचं म्हणते. बाकी वेळ मोबाईलकडे बघत बसते, त्यात लढाईचा गेम आहे. कारखान्यातले सगळे दीडच्या जेवणाच्या सुट्टीत खेळतात, पाच इकडे पाच तिकडे. त्यांच्या ग्रुपात हिचं नाव अजून आहे. हिची निळ्या लुगड्यातली जादूगारीण आहे. लांबून आग फेकते. पण खेळायला दोन्ही हात लागतात, नुसत्या अंगठ्याने फोन धरवत नाही. मला म्हणाली, मम्मी, तू माझा उजवा हात हो. मग काय, एक फोन दोघींनी धरला. ती डाव्या अंगठ्याने बाईला पळवते, मी उजव्याने आग फेकते.

सहा कप्पे असतात. मारामारी करता करता नाणी मिळतात, त्यातून एकेक वस्तू घ्यायची. वस्तू कोणती हेच डोकं. लाल छडी घेतली की मार जोरात बसतो. काळी घेतली तर मार थोडा, पण समोरच्याची जखम भरत नाही. सोनेरी ढाल आपल्याला राखते. मी आपली लाल, लाल, लाल. पाचदा मेलो. अश्लेषा हसून हसून लोळली. म्हणाली, आधी समोरच्याने काय घेतलं ते बघायचं, मग आपलं ठरवायचं. समजा त्याने काटेरी चिलखत घेतलं, तर आपण मारलेलं उलटून आपल्याच आयडीला लागतं, म्हणजे ज्याच्या नावावर खेळ आहे त्याला. तेव्हा ढाल घ्यायची, नाहीतर हात आवरायचा.

दिवाळीनंतर पहिल्यांदा हसली म्हणे.

१३ जानेवारी, सोमवार

समोरच्या पाचांत आज नंदकिशोर होता. त्याचा ढेरपोट्या पहिलवान आहे, मार खातो आणि स्वतःच मलम लावून परत उभा राहतो. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, लो, एक हाथ वाली आ गई. चौघांनी हसण्याची चित्रं टाकली.

अश्लेषा फोन ठेवायला निघाली, मी ठेवू दिला नाही. मलम लावतोस काय? काळी छडी घेतली आणि मनात म्हटलं, ह्याची जखम भरू नये.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सगळं जयपूर गच्चीवर पतंग उडवत, वो काटा वो काटा करून कान किटले. प्रतिमा तिळाचे लाडू घेऊन आली. सांगत होती, नंदकिशोरचं बोट मांजाने कापलं, उजव्या हाताचं. मी दोन लाडू जास्त खाल्ले.

१८ जानेवारी, शनिवार

रोज दीडला काळी छडी. जिंकण्याशी मला देणंघेणं नाही, फक्त त्याला शोधते. माझेच गडी शिव्या घालतात, घालू देत.

प्रतिमा म्हणाली, बोट भरतच नाही. शुगर नाही, काही नाही, डॉक्टर चक्रावलाय. मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. अश्लेषाचं तोंड पांढरं पडलं.

संध्याकाळी मिक्सरचं झाकण फुटलं. पोरगी म्हणाली, नवीन आणू, तोवर वापरायला नको. मी म्हटलं, ताटली ठेव वरून आणि हाताने दाब. चटणीला काय तासभर लावतेस?

२१ जानेवारी, मंगळवार

बोट काळं पडलं. कापलं.

अश्लेषा आता फोनला हात लावत नाही. म्हणते, मम्मी, हे आपणच करतोय, मला भीती वाटते. मी म्हटलं, तुझी चार गेली, त्याचं एकच. दोन्ही अंगठे माझेच वापरते आता. जमतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

दुसरंही गेलं. तिसऱ्यात उतरलंय.

पोरीने पाय धरले. म्हणाली, बस कर, माझी शपथ घे. घेतली. तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतली.

प्रतिमाने अजून एक सांगितलं. नंदकिशोरची आई गावाहून आली आहे, दवाखान्यात उशाशी बसून असते. पोराचा फोन तिच्याच हातात असतो, दीडला कोणाला हात लावू देत नाही. म्हातारीला वाचता येत नाही. पोरगा सांगतो, ती दाबते.

२५ जानेवारी, शनिवार

नाही खेळले. दीड वाजता फोन आपोआप पेटला. मी बंद केला— परत पेटला. पहिलवान मैदानात एकटा उभा. मलम लावत नाही. माझ्याकडे तोंड करून नुसता उभा.

उजवा अंगठा दिवसभर दुखतोय.

२६ जानेवारी, रविवार

ह्यांनी विचारलं, झोपेत कोणती छडी, कोणती छडी करत होतीस. काही नाही म्हटलं. चारांतली दोनच बोटं राहिलीत त्याची. दोनच—

२७ जानेवारी, सोमवार

खेळले. अश्लेषाला स्वयंपाकघरात पाठवलं, चटणी वाट म्हटलं, ताटली दाबून, पटकन, आणि दार ओढून घेतलं.

तो सरळ माझ्यावर आला. त्याने काय घेतलंय ते बघितलं— पोरीने शिकवलेलं— काटेरी चिलखत. म्हातारीने सहाही कप्प्यांत तेच भरलंय. तीही माझ्यासारखीच—

माझा सहावा कप्पा रिकामा होता. सोनेरी ढाल की लाल छडी. नाणी एकाचीच. आत मिक्सर चालू होता. ढालीवर अंगठा नेला होता. खरंच नेला होता.

लाल घेतली.

उलटलं तर मला लागेल ना, लागू दे म्हटलं. चार वार केले. तो पडला. मीही पडले, पडदा करडा झाला.

आता माझे हात बघते आहे. दहाच्या दहा बोटं जागेवर. कुठे ओरखडा नाही. म्हणजे काही उलटलंच नाही—

आयडी माझी नाही. आयडी तर पोरी—

आत मिक्सरचा आवाज बदल