दोन परवाने

३ मार्च १९७४
आजपासून रोजनिशी. राजदूतचे लायसन आले. मंगरूळपीरच्या आमच्या ऑफिसात स्वतःची मोटरसायकल असलेला मी एकटाच क्लार्क. दारूचे परमिट आधीपासून आहेच, प्रकृतीसाठी. दोन्ही कागद सरकारनेच दिलेले. एकाच वेळी वापरू नयेत असे दोन्हींवर कुठेही छापलेले नाही. नीट वाचून पाहिले.

१० मार्च
हवालदार उदयसिंगने बाजारात अडवले. म्हणाला, "भिवाजीभाऊ, पिऊन गाडी नोका चालवत जाऊ. कलम एकशे सतरा हाय." त्याला समजावले, दोन पेग घेतले की मी जास्त विचारपूर्वक चालवतो. हसला. पटले असावे.
तरीही संकल्प: फक्त रविवारी.

१३ मार्च
बुधवार. पण ऑफिसात सेंडऑफ होता. अपवाद.

२४ मार्च, रात्री
ॲक्सिडेंट. माझी चूक नाही. मेव्हणा ग्यानबाच्या मुलीचे बारसे, कारंज्याजवळ. जेवणाआधी थोडी घेतली. परत येताना बायको, पंचफुला, मागून सारखी म्हणे, "हळू चालवा ना, हळू चालवा." लक्ष विचलित झाले आणि पूल आला. गाडीचा हेडलाइट फुटला. पंचफुलाचा उजवा पाय मोडला. मला खरचटलेसुद्धा नाही, याला म्हणतात कंट्रोल.
लगेच दवाखान्यात जाणे मूर्खपणाचे. डॉक्टर आधी तोंडाचा वास घेणार. तिला बाभळीखाली निजवले, वेलदोडे चघळत बसलो. एक बैलगाडीवाला थांबला, दवाखान्यात सोडतो म्हणाला. त्याला सांगितले, जीप येऊन राह्यली. जीप नव्हती. पंचफुला ओरडत होती. म्हटले, ओरडल्याने पाय जुळत नाही, दम धर. दोनला पडलो, पाचला उदयसिंग सायकलवरून आला. नको तेव्हा पोलीस हजर.
त्यानेच दवाखान्यात नेले. वेलदोडे वाया. डॉक्टरने तोंड उघडायला लावले, रेघेवरून चालायला लावले. रेघ तिरपी आखली होती. रक्त काढले.

२६ मार्च
रक्त तपासायला नागपूरला पाठवले म्हणे. बरे झाले. एवढ्या उन्हात नागपूरपर्यंत उतरेलच.
डॉक्टर म्हणतात, आधी आणले असते तर बरे झाले असते. डॉक्टर सगळ्यांनाच असे म्हणतात.

१४ एप्रिल
पंचफुला प्लास्टरमध्ये. शेजारच्या रुपाबाई भाकरी देतात, तिखट फार. माझे हाल कोणी विचारत नाही. पंचफुला बोलत नाही. विश्रांती घेत असावी.

११ जून
नागपूरचा रिपोर्ट आला. उतरली नव्हती.
प्लास्टर निघाले. पाय दोन बोटे आखूड. चपलेला टाच लावून घेऊ. त्यात काय.

३० जून
परवा कोर्ट. पंचफुलाला साक्षीला बोलावले आहे. बायको नवऱ्याविरुद्ध थोडीच बोलणार! तिच्याकडून पाठ करून घेतले: बकरी आडवी आली, वास खोकल्याच्या औषधाचा होता, पडल्याबरोबर निघालो. मी सहा वेळा म्हणून दाखवले. तिने सगळे मुकाट्याने ऐकले. हुशार बाई आहे.

२ जुलै
मॅजिस्ट्रेटने विचारले, बाई, काय झाले? पंचफुला काठी टेकून उभी राहिली. म्हणाली, "बकरी-बिकरी काई नव्हती, साहेब. हे पिऊन होते. मले मोडल्या पायानं तीन घंटे बाभळीखाली ठेवलं. बैलगाडी आली, तिले वापस धाडलं. तोंडाचा वास जाऊ देऊन राह्यले होते."
कोर्टात कोणी खोकले नाही. मी म्हणालो, साहेब, तिला ताप आहे. साहेबांनी गप्प बसवले. दंड. लायसन एक वर्ष बंद. गाडीशिवाय ऑफिसात कोणत्या तोंडाने जायचे?
पंचफुला परस्पर ग्यानबाबरोबर एसटीने गेली. राग आठ दिवसांत जाईल. असल्या पायाने जाणार कुठे?

१८ ऑगस्ट
आठ दिवस केव्हाच झाले. आणायला ग्यानबाकडे गेलो. एसटीने, इलाज नव्हता. परमिट दिवाणावर ठेवून गेलो, म्हणजे दिवसभर कोरडा. हे तिला मुद्दाम सांगितले. तिने चहा दिला, समोर बसली. मी म्हणालो, मी तुला माफ केले, चल.
म्हणाली, "मले चालता येत नाई."
बरोबर होते. म्हटले, घाई नाही, हळूहळू चालू, हात धरतो. ती उठली. घागर कमरेवर घेतली, काठी टेकत विहिरीवर गेली. अंगण ओलांडून, चढ चढून. हळू, पण थेट. भरली घागर घेऊन परत आली. माझ्यापुढून आत गेली.
ग्यानबा म्हणाला, "भाऊजी, चारची गाडी हाय."
चारच्या गाडीने आलो.