आखूड नळीसाठी योग्य छर्रा

१ सप्टेंबर २००६, शुक्रवार

गावच्या शुट्झनफेराइनचा, म्हणजे नेमबाजी क्लबचा, आजपासून रीतसर मेंबर. इथे जर्मनीत, एर्लांगेनच्या आमच्या ऑफिसात, सगळे नुसत्या सायकली चालवतात. कुणीतरी काही मर्दानी करायला हवं होतं. बायको नीलिमा म्हणाली, गुडघे दुखतात म्हणून एका जागी उभं राहायचा खेळ शोधलास. दुर्लक्ष केलं.

कोच फ्राऊ केलर. पेशाने डेंटिस्ट. त्यांनी मला आखूड नळीची एअर रायफल दिली. बाकी बऱ्याच जणांकडे लांब नळीच्या आहेत. माणूस बघून देत असणार. मी एनसीसीत होतो हे त्यांना सांगितलं होतं. (बँडमध्ये होतो हे सांगितलं नाही. गणवेश तोच असतो.)

७ ऑक्टोबरला क्योनिग्सशीसन, म्हणजे नेमबाजीतून राजा निवडायची स्पर्धा. ज्याचा एखादा छर्रा मध्यबिंदूच्या सगळ्यांत जवळ लागेल तो वर्षभर गावचा राजा. गळ्यात चांदीची साखळी. दुसऱ्या दिवशी घोड्यांच्या बग्गीतून मिरवणूक, शेजारी कुटुंबातलं एक माणूस.

वल्लरीला सांगून टाकलं, बग्गीत बसायची तयारी ठेव. लेक नऊ वर्षांची, मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देते. आज नुसते डोळे मोठे केले.

८ सप्टेंबर

आज छर्रे टार्गेटवर कमी आणि टार्गेटच्या आजूबाजूला जास्त लागले. कारण लगेच लक्षात आलं. क्लबचे छर्रे लांब नळीचे आहेत. आखूड नळीत छर्र्याला वेग घ्यायला जागाच कमी, तिला तसाच छर्रा लागणार. हे इथे कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. आल्झो, म्हणजे थोडक्यात, इंजिनियरची गरज होतीच.

उद्यापासून पद्धतशीर अभ्यास. सकाळी लवकर उठून.

९ सप्टेंबर

उठलो नाही. शनिवार होता.

१३ सप्टेंबर

शाळा कालच सुरू झाली आणि वल्लरीने आजच वर्गात जाहीर केलं की ती बग्गीत बसणार. तिची मैत्रीण लेना घोड्यांची नावं विचारत होती. बाईंनी फळ्यावर तारीखही लिहिली म्हणे. नीलिमाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आता निस्तर.

रात्री जेवलो नाही. दुपारचं कँटीनचं जेवण असणार.

१५ सप्टेंबर

माझ्या रायफलला मागणी फार. मी नेम धरतो तेव्हा मागे बारा-तेरा वर्षांची पोरं रांग लावून उभी असतात. शिकायला बघत असतील. मोठ्या माणसाची स्टाइल बघूनच मुलं घडतात.

पाच जातींचे छर्रे मागवले. हलके, जड, मधले. निकाल तसाच, पण आता कारणं जास्त आहेत.

१६ सप्टेंबर, शनिवार

छर्रे सगळे सारख्या वजनाचे नसतात. ऑफिसातून नाजूक वजनकाटा आणला, सोमवारी परत. एकेक छर्रा मोजून वाट्यांमध्ये वेगळा केला. त्यासाठी सात वाट्यांचा, झाकणाचा, एकदम आदर्श डबा घरातच होता.

संध्याकाळी नीलिमाने फोडणीसाठी मिसळणाचा डबा उघडला आणि मोहरीच्या वाटीत शिसं निघालं. मोहरी मी नीट काढून चहाच्या कपात ठेवली होती, हे ती ऐकेनाच. हा डबा तिला आईने दिलेला. ती ओरडली नाही. नुसता डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, हा आता तुझा, घरात शिजवायचं काही ह्यात पुन्हा जायचं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

रात्री ब्रेड.

२२ सप्टेंबर

ऐतिहासिक दिवस. माझे प्रश्न ऐकून ऐकून फ्राऊ केलरनी रायफल लोखंडी शिकंज्यात घट्ट आवळली. पाचही जातींचे छर्रे त्यातून मारले. प्रत्येक जातीच्या सगळ्या छर्र्यांनी मिळून टार्गेटच्या मध्यावर एकच भोक पाडलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, ह्यावरून काय दिसतं?

ह्यावरून असं दिसतं की प्रयोगाची पद्धत चुकीची आहे. शिकंज्याला नाडी नसते, श्वास नसतो, वर्गात शब्द देऊन बसलेली मुलगी नसते. छर्रा माणसाच्या हातातून सुटताना तपासायला हवा. मी हे समजावलं. त्या गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणाल्या आणि कॉफी प्यायला गेल्या.

परत आल्यावर म्हणाल्या की ही रायफल मुळात मुलांची आहे. मोठी रायफल धरताना माझे हात थरथरत होते म्हणून त्यांनी दिली. म्हणजे निवड तांत्रिक कारणानेच झाली. माझाही अंदाज तोच होता.

२९ सप्टेंबर

फ्राऊ केलरनी पुन्हा मोठी रायफल पुढे केली, रोज नुसतं धरायचा सराव करा म्हणाल्या. नाही म्हटलं. माझा सगळा अभ्यास आखूड नळीचा. आता नळी बदलली तर छर्रे वाया जातील.

छर्रा ठरला. चपट्या डोक्याचा, मधल्या वजनाचा. क्लबमध्ये पहिल्यापासून आहे तोच. पण मी तो अभ्यासाअंती निवडला.

क्लबमधले बेकरीवाले हेर ड्रेशर कुठलेही छर्रे खिशातून काढून मारतात. मध्येच पावाचे कण येतात. त्यांना राजा व्हायचंच नाही, राजाला अख्ख्या क्लबला बिअर पाजावी लागते. अशा वृत्तीने खेळ कसा वाढणार.

१ ऑक्टोबर, रविवार. खंडेनवमी

शस्त्रपूजा. क्लबची रायफल घरी आणता येत नाही, म्हणून छर्रे देवापुढे मांडले. झेंडू मिळाला नाही, शेवंती मिळाली. नीलिमा म्हणाली, डब्याच्या झाकणाला हळदकुंकू लाव, पुरे. मी म्हटलं, क्वालिटी प्रत्येक पीसची बघायची असते. प्रत्येक छर्र्याला वेगळं हळदकुंकू लावलं. कुंकू चिकटेना, म्हणून निरांजनातल्या तुपाचं बोट.

वल्लरी शेजारी बसून हात जोडत होती. मराठीत विचारलं, बाबा, नक्की ना? नक्की, म्हणालो. दोनदा म्हणालो. ती मराठीत बोलली म्हणून.

७ ऑक्टोबर, रात्री

पहिला छर्रा बरा गेला. दुसऱ्यापासून रायफलची तब्येत बिघडली. टार्गेटवर भोकाभोवती लाल डाग दिसायला लागले. फ्राऊ केलर धावत आल्या, बोट कापलं का विचारलं. मी आपली प्रथा सविस्तर सांगितली. त्यांनी नळीतून फडकं ओढलं, ते गुलाबी निघालं. दुसरं पिवळं. तिसऱ्याला तुपाचा वास आला. सगळी पोरं आपापला नंबर सोडून बघायला आली, कारण रायफल साफ होईपर्यंत त्यांनाही काम नव्हतं.

मी शेवटून पहिला. कुंकू लावलेल्या छर्र्याला ह्या हवेत... जाऊ दे. तूप होतं. मीच लावलं होतं.

राजा झाले हेर ड्रेशर. बातमी ऐकून डोक्याला हात लावून बसले.

वल्लरीला काय सांगायचं म्हणून शोधायला गेलो, तर ती त्यांच्याच टेबलाशी. बग्गीतली दुसरी जागा रिकामी आहे का, असं तिने सरळ विचारलं होतं. त्यांच्या बायकोला बग्गीत भोवळ येते. ते हो म्हणाले. वल्लरीने माझ्याकडे बघून मान डोलावली, काम झालं अशा अर्थी. मला वाईट वाटलं. खूपच वाटलं. माझ्याकडून तिने काही मागितलंच नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

क्लबची पद्धत आज कळली. सगळ्यांत नव्या मेंबराने बग्गीमागून फावडं आणि बादली घेऊन चालायचं. घोडे दोन. खातेपिते.

पुढे बग्गीत हेर ड्रेशर साखळी घालून, पडलेल्या चेहऱ्याने. शेजारी वल्लरी परकर-पोलक्यात, हात हलवत. नीलिमा फुटपाथवरून फोटो काढत होती, पुढचेच.

शाळेच्या कोपऱ्यावर तिचा अख्खा वर्ग उभा होता. लेनाने ओरडून विचारलं, तुझा पपा कुठे आहे? वल्लरीने बग्गीत उभं राहून बोट दाखवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जर्मनमध्ये सांगितलं, तो काय मागे, बादलीवाला. तिला काडीची लाज वाटली नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

तोंड लपवावंसं वाटलं. पण बादली भरली होती आणि दोन्ही हात गुंतले होते.