पिशवी काढली, कळ राहिली

९ डिसेंबर, सोमवार

आज परत तीच कळ! उजव्या बरगडीखालून निघाली ती थेट पाठीत. पित्ताची पिशवी तर दिवाळीनंतर काढून टाकली — मग आता दुखतंय काय? जे न्हायच ते दुखतंय? डॉक्टर हसले. "एनू इल्ल री, काही न्हाय, गॅस आहे." सासूबाईंचं ठरलेलंच — "आमच्या वेळी पोटं न्हवती काय गं? कांड्या भरायच्या आल्या की हिचं दुखतंय!"

भरल्या. रडत रडत मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या.

१७ डिसेंबर

लग्नसराईच्या साड्या लावल्यात. सगळं सूत हळदीच्या रंगाचं. दोन्ही माग पिवळे, उंबरा पिवळा, माझ्या बोटांचं तर बोलायलाच नको. अंगाला लई खाज सुटलीय. हे म्हणाले, "रंग कच्चा आहे, अंगावर उतरतोय." शेजारची मालुबाई म्हणाली — नीलम, तुझे डोळेपण पिवळे दिसतात गं! "दिवसभर पिवळंच बघती, डोळ्यांत उतरणारच," सासूबाई म्हणाल्या. सगळी हसली. मीपण हसले.

२१ डिसेंबर

घास गिळवत न्हाय. कळ.

३० डिसेंबर, अमावस्या

अमावस्येला आमच्या वडगावात माग बंद. खडखड न्हाय, सूत न्हाय. सकाळी डोक्यावरनं न्हाले. दगडानं बोटं घासली, रंग पार गेला. कुंकू लावायला आरशासमोर बसले — आणि हात तिथंच थांबला.

डोळे पिवळेजर्द! बोटं स्वच्छ आणि डोळे पिवळे! म्हणजे तो रंग सुताचा न्हवताच. आतनं येत होता. घरभर पिवळं, त्यात मीपण पिवळी — कुणाला कळणार?

ह्यांना हाक मारली. खिडकीशी नेऊन डोळ्यांत बघितलं. गाडीची किल्लीच घेतली. "नागेंद्रा, आज अमावस्या हाय रं!" सासूबाई दारात आडव्या. ह्यांनी ऐकलं न्हाय.

३१ डिसेंबर

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात. पित्ताच्या नळीत खडा अडकलाय. पिशवी काढली तेव्हा हा एकटा मागं राहिला म्हणे.

मशीनमधला फोटो बघितला. माझ्या लिव्हरातल्या नळ्या — फांद्या फुटलेलं झाडच! हे माझ्या आत? मी भाकरी थापताना, भांडताना, झोपल्यावर? तिथली सौम्या डॉक्टर म्हणाली, "पिशवी नुसती साठवायची जागा, आक्का. पित्त लिव्हर करतं, आणि ते कधी थांबत न्हाय." कधीच न्हाय? अमावस्येला पण? "अमावस्येला पण!" मी बघतच राहिले. एवढं राबणारं आमच्या अख्ख्या गल्लीत कुणी न्हाय!

भीती पण तेवढीच वाटते. ताप चढलाय. डॉक्टरला बाहेर ह्यांना सांगताना ऐकलं — आत पू झाला तर अवघड आहे. मला मरायचं न्हाय.

२ जानेवारी

काढला! तोंडातनं नळी घालून काढला, पोटाला धक्कासुद्धा न्हाय. माणसाच्या हातांना काय काय येतं! खडा दाखवला — मुगाएवढा. ह्यानं मला नेलं असतं? पित्ताला वाट राहावी म्हणून बारीक नळी आत ठेवलीय, पुढं काढणार. बरगडीखाली दाबून दाबून बघते — कळ न्हाय. खरंच न्हाय! देवा, हे आतलं सगळं कधी घडवलंस रे? रडू आलं, पण चांगलं.

६ जानेवारी

घरी आले. डोळे निवळतायत. सासूबाई ताटात मऊ भात वाढतात, पण ताट ठेवलं की पाठ फिरवतात. रागावल्यात वाटतं.

८ जानेवारी

सगळी मागावर होती. सासूबाई आत आल्या, दार लोटलं. माझा हात धरला आणि लुगड्यावरनंच स्वतःच्या उजव्या बरगडीखाली दाबला.

"हितंच दुखत हुतं न्हवं तुझं? माझं बी हितंच दुखतंय गं. नागेंद्र शाळंत जात हुता, तवापास्नं."